पसंतीचा पहिला नंबर

मुलाखत सुरू झाली, लॅपटॉपवर अमेरिकेतले डॉक्टर दिसले आणि आमच्याकडे तयारीला आलेली एक डॉक्टर मुलगी ताडकन उठून उभी राहिली. आपल्याकडे एमबीबीएसच्या तोंडी परीक्षेला परीक्षक आत आले की उठायचं असतं, ती सवय हाडात मुरलेली. पण कॅमेरा जागच्या जागीच. तिकडच्या माणसाला दिसत होतं फक्त तिचं पोट आणि ओढणीची गाठ. तो बिचारा 'हॅलो, हॅलो' करतोय आणि ही आपली 'गुड इव्हिनिंग सर' म्हणत खांबासारखी उभी. मी दाराआडून 'बस, बस' अशा खुणा करून दमले. शेवटी माझी मैत्रीण फिलोमिना कॅमेऱ्यात येणार नाही अशी ओणवी होऊन गेली आणि तिचा कुडता खाली ओढला, तेव्हा कुठे ती बसली. पुढे त्याच हॉस्पिटलनं तिला घेतलं. का घेतलं, याचं मला अजून कुतूहल आहे. तिकडे गेल्यावर विचार म्हणून सांगितलं होतं, पण तिला म्हणे लाज वाटते.

तर हे माझं काम. फणसवाडीत आमच्या बिल्डिंगमध्ये त्याविषयी दोन मतं आहेत. काहींना वाटतं मी व्हिसा काढून देते, काहींना वाटतं मी डॉक्टरांना इंग्रजी शिकवते. दोन्ही चूक. व्हिसा देणारे वकिलातीत बसतात आणि ते माझ्या वडिलांचंही ऐकणार नाहीत. आणि इंग्रजी फिलोमिना शिकवते. आयुष्यभर फोर्टातल्या एका कंपनीत साहेबाची स्टेनो होती, तिच्यापुढे माझं इंग्रजी म्हणजे आनंदीआनंद.

मी मूळची लग्नं जुळवणारी. दादरला एका वधूवर सूचक मंडळात टेबलाच्या अलीकडे बसून मुलामुलींशी बोलणं, कोणाला खरंच काय हवंय ते काढून घेणं, हे मी पुष्कळ वर्षं केलं. मग भाचा डॉक्टर झाला, त्याला अमेरिकेत जायचं खूळ लागलं, आणि त्याचे अर्ज बघता बघता मला त्यात रस वाटायला लागला. म्हटलं, अरे, हे तर आपलंच काम. तिकडे डॉक्टर आणि हॉस्पिटल यांची चक्क जुळवणी करतात. मुलगा पसंती लिहितो, हॉस्पिटल पसंती लिहितं आणि कॉम्प्युटर दोघांची गाठ घालतो. भाच्याच्या मित्रांनी मित्र आणले. मंडळ बंद पडलं तोवर माझ्याकडे डॉक्टरांची रांग लागली होती.

बाहेरच्यांसाठी थोडक्यात सांगते. इथे एमबीबीएस झालेल्याला अमेरिकेत डॉक्टरकी करायची तर तिथल्या परीक्षा द्याव्या लागतात आणि मग तिथल्या हॉस्पिटलात पुन्हा तीनेक वर्षं राबावं लागतं. शिकायचं, वर पगारही मिळतो. याला म्हणायचं रेसिडेन्सी. पण परीक्षा पास झालात म्हणून कोणी दार उघडून बसलेलं नसतं. आधी तिकडे जाऊन महिना-दोन महिने कोणा डॉक्टरच्या मागे हात बांधून उभं राहायचं, पेशंटला बोटही लावायचं नाही. त्यानं दिलं तर शिफारसपत्र. मग ढिगानं अर्ज, आणि त्यातून मुलाखतीची बोलावणी मूठभर. जसजशी एमबीबीएस होऊन वर्षं जातात तसतशी ती मूठही रिकामी होत जाते. तिकडच्यांना ताजा माल लागतो. चिडून उपयोग नाही, आमच्या मंडळातही असंच होतं.

कोविडनंतर मुलाखती व्हिडिओवर आल्या आणि माझ्या धंद्याला एक अनपेक्षित फाटा फुटला. शांत खोली. हसू नका. लालबाग-परळात, घोडपदेवात संध्याकाळी शांत कोपरा शोधून दाखवा. चाळीत एका बाजूला भजन, दुसऱ्या बाजूला टीव्ही, खाली मंडळाच्या ढोलाचा सराव. अमेरिकेत सकाळ असते तेव्हा इथे ही सगळी वर्दळ. एका मुलानं 'तुम्ही ताण कसा हाताळता?' या प्रश्नाचं उत्तर मागे बँजो वाजत असताना दिलं, आणि मला विचाराल तर ते उत्तम दिलं. पण फिलोमिनाचं घर दादरच्या चर्चमागच्या गल्लीत, तळमजल्यावर, जाड भिंतींचं. दोन्ही मुलगे परदेशी, नवरा वारलेला, पुढची खोली पडून. ती म्हणाली, इथंच बसव गं पोरांना, घरात कोणी बोलेल तरी. तेव्हापासून आमचं दुकान तिथे.

मानसी परब पहिल्यांदा आली ती अशी शांत खोली मागायलाच. घोडपदेवची. एमबीबीएस म्युनिसिपल कॉलेजातून, आणि तेव्हा लालबागच्या एका नर्सिंग होममध्ये ड्युटी करायची. दोनदा अर्ज करून झाले होते, दोन्हीदा कुठेच जुळलं नव्हतं. हा तिसरा प्रयत्न, आणि तिनं स्वतःच ठरवलं होतं की हाच शेवटचा. घरात ती आणि वडील. आई ती बारावीत असताना गेली. वडील गिरणीत बदली कामगार होते, गिरणी बंद झाल्यावर एका पतपेढीत शिपाई झाले. ते पहिल्या दिवशी सोबत आले आणि मुलीऐवजी सगळी उत्तरं तेच देऊ लागले. मी चिडकी बाई. म्हटलं, परब, नोकरी तुम्हाला लागायचीय की हिला? त्यावर ते रागावले नाहीत. हसून म्हणाले, तिचो प्रत्येक फॉर्म आजवर मी भरलंय बाई.

ते खरं होतं. आणि त्यात त्यांची हुशारीही होती, हे मला मान्य करावं लागेल. अकरावीच्या ॲडमिशनचा पसंतीक्रम, मेडिकलचा पसंतीक्रम, सगळं त्यांनी मागच्या वर्षीचे कटऑफ बघून, कोण कुठे भरणार याचा अंदाज बांधून लिहिलं होतं. आपल्याकडे पसंतीक्रमात पसंती लिहायची नसते, शक्यता लिहायची असते, हे मुंबईतल्या कुठल्याही आईबापांना विचारा. गिरणी कामगारांच्या घरांच्या लॉटरीचे अर्जही त्यांनी असेच भरले होते. घर काही लागलं नव्हतं, पण पोरीला सीट लागली होती, आणि ती आपण डोकं लढवलं म्हणून लागली असं ते छातीठोकपणे सांगत.

मानसी मुलाखतीत चांगली होती. सावकाश बोलायची, पेशंटबद्दल विचारलं की डोळे चमकायचे. पण 'तुला कुठे जायला आवडेल?' असं फिलोमिनानं सरावाला विचारलं की गप्प. एकदा म्हणाली, कुठेही चालेल आंटी. फिलोमिना कडाडली. म्हणाली, कुठेही चालेल असं बस स्टॉपवर बोलायचं, इथं नाय. नंतर मला मानसी म्हणाली की मला हे कोणी विचारलंच नव्हतं कधी. मार्क पडले म्हणून मेडिकल, कटऑफ बसला म्हणून ते कॉलेज. आवडतं काय, हा प्रश्न घरात कधी निघालाच नाही.

जानेवारी संपेपर्यंत तिच्या मोजक्या मुलाखती झाल्या आणि पसंतीची यादी लावायची वेळ आली. इथे माझी एक जुनी पद्धत आहे, मंडळातली. मुलीला स्थळ ठरवता येत नसलं की मी पत्रिका, पगार, फोटो सगळं बाजूला ठेवायची आणि विचारायची, कोणाशी बोलताना तू हसलीस ते सांग. तसंच इथे. फिलोमिनाकडे येणारी नाताळची जुनी कार्डं आम्ही अर्धी कापतो आणि कोऱ्या बाजूला प्रत्येक हॉस्पिटलबद्दल एकच ओळ लिहायला लावतो, तिथे काय दिसलं त्याची. हॉस्पिटलचं नाव नाही, शहर नाही, व्हिसा नाही. मग टेबलावर लावायला सांगायचं, आवडीनं.

मानसीनं कार्डं लावली ती परब यायच्या आधी. पहिल्या कार्डावर लिहिलं होतं, 'ओपीडीत गर्दी, टीबीचे पेशंट, रेसिडेंट एकमेकांचे डबे खात होते.' दुसऱ्यावर, 'डिरेक्टरनं माझं नाव नीट उच्चारलं.' आता पहिलं हॉस्पिटल म्हणजे एका गरीब शहरातलं जुनं सरकारी हॉस्पिटल, शिफारसपत्रासाठी ती महिनाभर डॉक्टरच्या मागे उभी राहून आली होती तेच. त्यांच्याकडून मुलाखतीनंतर एक अक्षर आलं नव्हतं. दुसरं मोठ्या शहरातलं, नावाजलेलं. त्याच्या डिरेक्टरनं मानसीला ईमेल पाठवली होती की तुम्ही आमच्याकडे आलात तर आम्हाला फार आनंद होईल. असल्या ईमेलला पोरं लव्ह लेटर म्हणतात. तेवढ्यावर हुरळून जाऊ नये, तो गृहस्थ असं पुष्कळांना लिहितो.

शिवाय व्हिसाचा प्रश्न होता. बाहेरून आलेल्या डॉक्टरला हॉस्पिटलं मुख्यतः दोन व्हिसांवर घेतात. एक एच-वन, तो नोकरीचा. त्यावर माणूस पुढे तिथेच राहू शकतो, मागे वळून बघायला कोणी सांगत नाही. दुसरा जे-वन, तो शिक्षणाचा. तो घेताना आपल्या सरकारकडून पत्र आणावं लागतं, आणि शिक्षण संपलं की दोन वर्षं मायदेशी येऊन राहावं लागतं. त्यातून सुटायचं तर जिथे डॉक्टर मिळत नाहीत अशा आडभागात तीन वर्षं नोकरी पत्करायची, मग ती अट माफ होते. याला वेव्हर म्हणतात, आणि त्याच्या जागा राज्याराज्यात ठरावीक असतात. साहजिकच सगळ्यांना एच-वन हवा असतो. हल्ली एच-वनची फी अशी भरमसाट वाढलीय की बऱ्याच हॉस्पिटलांनी हात वर केलेत, पण मानसीच्या वेळी तो मिळत होता. ईमेल पाठवणारं मोठं हॉस्पिटल एच-वन देत होतं. गर्दीचं सरकारी हॉस्पिटल फक्त जे-वन.

मी तिला स्वच्छ सांगितलं की तुझ्या जागी मी असते तर डोळे मिटून मोठ्या हॉस्पिटलला पहिला नंबर दिला असता. ती ऐकत होती, पण कार्डांना हात लावत नव्हती.

यादी पक्की करायची ती शेवटची संध्याकाळ. परब आले, कार्डं पाहिली, हॉस्पिटलांची नावं विचारून घेतली आणि त्यांचा चेहराच उतरला. त्यांचं म्हणणं सरळ होतं. ज्यांनी आपणहून पत्र पाठवलं त्यांना दुसरा नंबर द्यायचा म्हणजे हातची सीट घालवायची. पहिला नंबर मिळणार नाही आणि दुसरेही म्हणतील, आम्हाला खाली टाकलंत ना, मग बसा. पोरीचं वय चाललंय, पुन्हा संधी नाही. बोलता बोलता त्यांचा आवाज चढत गेला.

मी म्हटलं, परब, बसा आधी. मंडळात काय व्हायचं माहितीये? मुलीकडचे पहिल्या स्थळाकडे जाऊन मग दुसऱ्याकडे गेले की दुसरे रुसायचे. का? कारण त्यांना कळायचं. इथे कोणालाच कळत नाही. मुलीनं कोणाला कितवा नंबर दिला, हे हॉस्पिटलला शेवटपर्यंत दिसत नाही. कॉम्प्युटर आधी तिच्या पहिल्या पसंतीकडे जातो. त्यांनी नाही म्हटलं की दुसरीकडे जातो, आणि तिथे तिची जागा तिला उशीर झाला म्हणून गेलेली नसते. तिथे तिच्यापेक्षा त्यांना कमी आवडलेला कोणी बसला असेल तर त्याला उठवून हिला बसवतात. म्हणून इथे डोकं लढवायचं नसतं, फक्त मनातलं लिहायचं असतं.

त्यांनी हे मला दोनदा सांगायला लावलं. मग स्वतःच कार्डं हातात घेऊन, एकेक उचलून, कोण कोणाला उठवेल ते टेबलावर करून पाहिलं. माणूस फॉर्ममध्ये मुरलेला होता, त्यांच्या लक्षात आलं. 'म्हणजे दुसरा नंबर दिला तरी सीट तितकीच पक्की?' तितकीच, मी म्हटलं. त्यांनी मोठा श्वास सोडला. मला वाटलं, सुटलो.

पण ते मानसीकडे वळले. सीट जात नसेल तर नसेल, पण पहिल्या नंबरवर जे-वनवालं कशाला? आवडीच्या गोष्टी करायच्या तर एच-वनचं मोठं हॉस्पिटल का आवडू नये? तिसरी परीक्षाही आधीच दिली होती तिनं, केवळ एच-वनसाठी लागते म्हणून. मलाही हेच विचारायचं होतं, म्हणून मी गप्प बसले.

मानसीनं पहिलं कार्ड उचलून परत जागेवर ठेवलं. मग म्हणाली, "एच-वनवर गेले तर मी परत येणार नाही, पप्पा. मी ओळखते मला. पुढच्या वर्षी, पुढच्या वर्षी करत राहीन. जे-वनवर निदान एक दिवस असा येईल की मला बसून ठरवावं लागेल. वेव्हर मला माहितीये. पण तो मागायचा की नाही, हे तरी मला कोणीतरी विचारेल."

परब एकदम मालवणीवर आले. "तुका मी परत येवक धाडतंय काय? हय काय हा तुझ्यासाठी?"

ती म्हणाली, "तुम्ही आहात."

फिलोमिना उठून आत गेली. तिच्या मुलांच्या व्हिसावर कुठलीच अट नव्हती, आणि दोघेही फोन मात्र न चुकता करतात. परबांनी मान हलवली, होकारार्थी की नकारार्थी ते मला आजही सांगता येणार नाही, आणि मानसीनं लॅपटॉपवर यादी जशी टेबलावर होती तशी भरून पक्की केली. मला त्या मुलीचा राग आला होता आणि भयंकर कौतुकही वाटत होतं.

या जुळवणीचा निकाल एकाच आठवड्यात दोन टप्प्यांत लागतो, हे मला फार आवडतं, म्हणजे छळ म्हणून आवडतं. सोमवारी फक्त कळतं की तुमचं जुळलं. कुठे, ते शुक्रवारी. सोमवारी संध्याकाळी मानसीचा फोन आला तेव्हा तिला रडू आवरत नव्हतं. परबांनी चाळीत पेढे वाटले. त्या आठवड्यात ते मला रोज फोन करून विचारत, काय वाटतं तुम्हाला? त्यांना मोठं हॉस्पिटल लागलेलं हवं होतं, सरळच होतं ते. शुक्रवारी लागलं गर्दीचं. पहिला नंबर. ईमेल न पाठवणाऱ्यांनी तिलाच घेतलं होतं.

लोक मला विचारतात, आपल्या पैशानं शिकलेली पोरं तुम्ही त्यांच्या घशात घालता, काही वाटतं का? वाटतं. शीवला, परळला सरकारी ओपीडीच्या रांगा बघते तेव्हा जास्तच वाटतं. माझ्याकडून गेलेल्यांपैकी परत आलेले मला बोटांवर मोजता येतील. कोणी आलं की मी त्याला हजार प्रश्न विचारते, का आलास, कधी ठरवलंस, पश्चात्ताप होतो का. ती पोरं वैतागतात. पण मला खरोखर जाणून घ्यायचं असतं, माणूस असं कशावरून ठरवतो ते.

मानसी गेली. ऐकते त्यावरून ओपीडी तिथेही तशीच आहे, ती खूश आहे, दमलेली आहे आणि आता तिचं शेवटचं वर्ष चालू आहे. परब मात्र आमच्याकडे येतच राहिले. दादरला आलो होतो, म्हटलं डोकवावं, असं म्हणत. येतात, चप्पल काढतात आणि एकच विषय काढतात. वेव्हरच्या जागांचं कसं आहे? सगळ्यांना मिळतो का? तिच्या राज्यात किती जण मागतात? मी इमानेइतबारे सांगत असे. कुठल्या राज्यात जागा लवकर भरतात, कुठे शिल्लक राहतात, वकील कधी गाठायचा, आडगावचं हॉस्पिटल कसं शोधायचं. सांगताना मला वाटायचं, बापाची तळमळ बघा, पोरगी तिथे कायमची बसावी म्हणून किती खोलात जातो हा माणूस. सगळं ऐकून ते बरं बरं म्हणत आणि चहा अर्धा टाकून निघून जात.

एके दिवशी ते गेल्यावर फिलोमिना कप उचलता उचलता म्हणाली, "अगो, तू त्याला काय मोठे मोठे मार्ग सांगतेस? तो वेव्हर मिळावा म्हनून नाय विचारत. नाय मिळाला तर, ते विचारतोय."

इतकी वर्षं टेबलाच्या अलीकडे बसून माणसांच्या मनातलं काढून घेण्यात घालवली आणि समोर बसलेल्या या माणसाचं मला काही म्हणजे काही दिसलं नव्हतं. फिलोमिनाला दिसलं. तिला दिसणारच.

मानसीनं काय ठरवलंय ते तिनं अजून कोणाला सांगितलेलं नाही. मी विचारलं, तर म्हणाली, काकू, विचार करतेय. करू दे. तोच दिवस तिनं मागून घेतला होता.

गेल्या आठवड्यात परब पुन्हा आले. दारातूनच विचारलं, यंदा वेव्हरचं कसं काय? खरं सांगायचं तर तिच्या राज्यात जागा आहेत, आणि तिच्यासारखीला कोणीही आनंदानं देईल. "कठीण आहे परब," मी म्हटलं. "यंदा फारच कठीण आहे. मिळेलसं वाटत नाही."

"अरेरे," परब म्हणाले. "पोरीचा नुकसान झाला."

मग खुर्ची पुढे ओढून बसले, फिलोमिनाकडे आपणहून चहा मागितला, आणि घराला रंग काढायचाय, तर मानसीला कुठला आवडेल, असं आम्हा दोघींना विचारू लागले.